शब्दचर्चा : इच्छुक, पात्र आणि उमेदवार

चर्चाप्रस्ताव

'इच्छुक व पात्र उमेदवारांकडून अर्ज मागविण्यात येत आहेत.' सरकारी जाहिरातीतलं हे वाक्य पाठ नसलेला मराठी माणूस विरळाच. लिपिक हवा असो, परिचारिका हवी असो की प्राध्यापक, वाक्य तेच. त्यातले तीन शब्द मात्र तीन वेगळी कामं करतात. इच्छुक म्हणजे ज्याला ते पद हवं आहे तो, आणि पात्र म्हणजे जो अटींत बसतो तो. उमेदवार या शब्दात आणखी बरंच काही आहे, त्याकडे नंतर येते.

मी एका जिल्हा वृत्तपत्रात मुद्रितशोधन करते. निवडणुकीच्या हंगामात रोज हातावरून जाणारे मथळे असे असतात : 'इच्छुकांची भाऊगर्दी', 'इच्छुक गॅसवर', 'इच्छुकांनी देव पाण्यात घातले', 'यादी जाहीर होताच इच्छुकांचा हिरमोड'. इथे इच्छुक हे विशेषण राहिलेलंच नाही, ती एक जमात झाली आहे. जाहिरातीत त्याच्या शेजारी बसणारा 'पात्र' या बातम्यांतून साफ गळतो. तो दिसतो तो नकार घेऊन. 'आमदार अपात्रता प्रकरण' हे शब्द २०२२ ते २०२४ या काळात महाराष्ट्रानं इतके ऐकले की अनेकांच्या मनात 'अपात्र' म्हणजे पक्ष सोडणारा असाच अर्थ बसला. त्याचं मूळ १९८५ साली घटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीत आहे. तिथल्या अपात्रतेचा त्या माणसाला कारभार जमतो की नाही याच्याशी काहीही संबंध नाही.

घटनेतल्या 'पात्रते'चंही तेच. भारताचं नागरिकत्व, शपथ आणि वय. लोकसभा-विधानसभेला २५ वर्षं पूर्ण, राज्यसभा-विधान परिषदेला ३०, ग्रामपंचायत-नगरपालिकेला २१. हे दार मुद्दामच रुंद ठेवलेलं आहे आणि ते तसंच असायला हवं, कारण लायक कोण हे ठरवण्याचं काम मतदाराचं. पण मग ते ठरवताना आपण कोणता शब्द वापरतो? पक्षांनी आपला शब्द शोधलेला आहे : 'निवडून येण्याची क्षमता'. बातमीदार त्यालाच 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हणतात. म्हणजे 'क्षमता' या चांगल्या, मोठ्या शब्दाचा अर्थ आता मतमोजणीच्या दिवशी सुरू होतो आणि त्याच दिवशी संपतो. पुढची पाच वर्षं काम करण्याच्या क्षमतेला शब्दच उरला नाही.

दुसरी गोष्ट 'महत्त्वाकांक्षा' या शब्दाची. 'अमुक यांची मुख्यमंत्रिपदाची महत्त्वाकांक्षा लपून राहिलेली नाही' हे वाक्य मी किती वेळा तपासलं असेल सांगता येत नाही. ते ठरलेल्या साच्यातलं आहे, आणि त्यात एक गृहीत दडलेलं आहे : महत्त्वाकांक्षा ही लपवण्याची वस्तू आहे. उद्योगाच्या पानावर तोच शब्द अभिमानानं येतो. 'महत्त्वाकांक्षी प्रकल्प', 'महत्त्वाकांक्षी तरुण उद्योजक'. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांबद्दल लिहिताना कुणी हात आखडत नाही. १९१९ मध्ये ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीसमोर सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली, १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना उभा राहिला, १९४४ मध्ये मोटारींची कंपनी निघाली. या माणसाची महत्त्वाकांक्षा लपून राहिली नाही असं आपण म्हणत नाही. ती होती म्हणून कौतुक करतो.

मग राजकारणात तीच इच्छा संशयास्पद का ठरते? आणि ज्याला इच्छा आहे त्याची लायकी बोलून दाखवायला आपल्याकडे कोणते शब्द आहेत? जाणकारांनी लिहावं.

प्रतिसाद : सांगलीकर

ताई, राजकारणातल्या हौसेसाठी आपली भाषा सगळी लग्नघरातून उसनी आणलेली आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. 'गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत' हे तर आमच्याकडे दर निवडणुकीला ऐकू येतं. बाशिंग कपाळाला बांधायचं. उतावळ्या नवऱ्याला कपाळ आणि गुडघा यातला फरक कळेनासा होतो. मग 'घोड्यावर बसलेत', 'गळ्यात माळ पडली', 'नवरदेव ठरला, मुहूर्त ठरेना'. पोस्टरवरचा 'भावी' हाही तिथलाच. भावी वधू, भावी वर, आणि आता भावी नगरसेवक. त्यापुढची पायरी म्हणजे 'मंत्रिपदाचे डोहाळे'.

या सगळ्या शब्दांत इच्छेला नावं ठेवलेली नाहीत, घाईला ठेवलेली आहेत. लग्न करावंसं वाटणं यात वाईट काय? वेळ यायच्या आधी तयार होऊन बसणं लोकांना खटकतं. त्यामुळे मराठी माणसाला महत्त्वाकांक्षाच नको असते असा निष्कर्ष या वाक्प्रचारांवरून काढू नये.

प्रतिसाद : निवृत्त संस्कृत शिक्षक

प्रस्तावातल्या दोन कल्पना, आकांक्षा आणि योग्यता, आपल्या जुन्या शास्त्रात जोडीनं येतात, आणि त्याही शब्दचर्चेतच. वाक्यातून अर्थबोध कसा होतो हे सांगताना नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, तीन अटी घातल्या : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी.

आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची असलेली गरज. 'आणतो' म्हटलं की 'काय?' हा प्रश्न उभा राहतो, ती आकांक्षा. योग्यता म्हणजे त्या दोन पदांचा संबंध अर्थानं जुळणं. याचं ठरलेलं उदाहरण : 'आगीने शिंपतो'. व्याकरण निर्दोष आहे, विभक्ती बरोबर आहे, क्रियापदाला साधन हवं होतं ते मिळालं आहे, म्हणजे आकांक्षाही पुरी झाली. तरी वाक्य अर्थहीन, कारण शिंपण्याची योग्यता आगीत नाही, पाण्यात आहे. तिसरी अट संनिधी, म्हणजे पदांनी एकमेकांच्या जवळ असणं. सकाळी एक शब्द उच्चारला आणि संध्याकाळी दुसरा, तर वाक्य होत नाही.

माझ्या मते इथली एक गोष्ट राजकारणालाही लागू पडते. आकांक्षा हा दोष म्हणून सांगितलेला नाही. ती पहिली अट आहे. जिथं काही हवंच नाही तिथं पुढचं काही घडत नाही. पण ती पुरेशी नाही, आणि तिची तीव्रता वाढवून योग्यतेची उणीव भरून निघत नाही. आग कितीही धगधगली तरी तिनं शिंपता येत नाही. संनिधीबद्दल तुम्हीच विचार करा. तिकीटवाटपात 'साहेबांच्या जवळचा' या दोन शब्दांचं वजन किती असतं ते बातमीदारांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

प्रतिसाद : पुणेकर

मराठीला या विषयावर एका माणसानं दिलेला शब्द आहे : राघोभरारी. वेगवान, धाडसी धाव या अर्थी आपण तो अजून वापरतो. तो राघोबादादांवरून, म्हणजे रघुनाथराव पेशव्यांवरून आला. १७५८ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या फौजा लाहोरात शिरल्या आणि त्याच साली मराठे अटकेपर्यंत पोचले. 'अटकेपार झेंडा लावणे' हा आपला दुसरा आवडता वाक्प्रचार त्याच मोहिमेचा. परदेशात एखाद्या मराठी माणसाला मोठं पद मिळालं की मथळा तयार असतो.

पण त्या मोहिमेचा हिशोब आपण भाषेत आणला नाही. दादासाहेब परतले ते तिजोरीत भर घालून नव्हे, कर्ज घेऊन. पुण्यात यावर बोलाचाली झाल्या, आणि १७६० साली उत्तरेच्या पुढच्या मोहिमेचं नेतृत्व त्यांच्याकडे न जाता सदाशिवरावभाऊंकडे गेलं. पानिपतानंतर १७६१ मध्ये सोळा वर्षांचा माधवराव पेशवा झाला. काकांना ते पचलं नाही. पुतण्याशी लढाया, धोडपचा पराभव, नजरकैद. मग ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात माधवरावाचा धाकटा भाऊ आणि त्याच्यानंतरचा पेशवा नारायणराव याचा खून झाला आणि ज्या गादीसाठी जीव टाकला ती दादासाहेबांना मिळाली. ती टिकली किती? न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांनाच दोषी धरलं. पुढच्याच वर्षी बारभाईंनी, म्हणजे नाना फडणीस आदी कारभाऱ्यांच्या गटानं, कारभार हातात घेतला. १७७५ मध्ये दादासाहेब सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई द्यायला तयार झाले. वसई म्हणजे चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून जिंकलेली, ती. गादी परत मिळवायची म्हणून.

मला यातून शब्दांबद्दलच एक म्हणायचं आहे. धडाडी, धमक, भरारी हे शब्द आपण नेतृत्वाचे गुण म्हणून सर्रास वापरतो. ते सेनापतीचे गुण आहेत. रघुनाथरावांकडे ते भरपूर होते, हे त्यांच्या शत्रूलाही नाकारता येणार नाही. माधवरावांकडे जे होतं त्याला कारभार म्हणतात. वसुली, न्याय, माणसं जोडून ठेवणं, स्वतःच्या घरातल्या माणसालाही हिशोब विचारणं. 'कारभारी' हा शब्द आपण ग्रामीण विनोदापुरता आणि बायकोनं नवऱ्याला हाक मारण्यापुरता ठेवला. तो परत गंभीरपणे वापरावा.

प्रस्तावकर्ती

पुणेकरांच्या प्रतिसादानंतर आता 'उमेदवार' घेते, कारण मला मुख्यतः त्याच्याबद्दलच लिहायचं होतं.

उमेद हा फारसी शब्द, अर्थ आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. इथवर तो 'इच्छुक'चाच भाऊ वाटतो. पण मराठीत त्याला एक दुसरा अर्थ चिकटला आणि तो फार मोलाचा आहे. 'त्यांनी मुंबईत एका नामांकित वकिलाकडे उमेदवारी केली', 'नाटक कंपनीत उमेदवारीचे दिवस काढले' ही वाक्यं जुन्या चरित्रांत पानोपानी सापडतात. इथे उमेदवारी म्हणजे निवडणुकीचं तिकीट नव्हे. नोकरीच्या किंवा कसबाच्या आशेनं कमी पगारावर, बहुतेकदा बिनपगारी, दुसऱ्याच्या हाताखाली काम शिकणं म्हणजे उमेदवारी. कागदपत्रं नकलणं, हत्यारं उचलून देणं, ज्येष्ठ माणूस चुकत कुठे आणि सावरतो कसा हे पाहणं. कायद्यानं हा अर्थ अजून जपला आहे. १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यांत, एसटीच्या आगारांत, महावितरणात 'शिकाऊ उमेदवार' घेतले जातात. आयटीआय झालेल्या मुलामुलींना हा शब्द विचारा, ती बरोबर अर्थ सांगतील.

म्हणजे या एकाच शब्दात इच्छा आणि तयारी दोन्ही मावत होत्या. ज्याला पद हवं, त्यानं आधी त्या कामाखाली राबायचं, हा अर्थ शब्दाच्या पोटातच होता. निवडणुकीच्या भाषेनं त्यातली आशा तेवढी उचलली आणि शिकणं टाकून दिलं. आज 'उमेदवारी मिळाली', 'उमेदवारी कापली', 'उमेदवारी लादली', 'उमेदवारी मागे घेतली' ही सगळी क्रियापदं चालतात. 'उमेदवारी केली' हे मात्र राजकारण्याबद्दल कुणी लिहीत नाही. हे मला मनापासून खुपतं. क्रियापद बदललं की अपेक्षा बदलते.

उद्योगात हा अर्थ कसा जगला त्याचं माझं आवडतं उदाहरण जे. आर. डी. टाटांचं. घराण्याचं नाव पाठीशी असताना १९२५ मध्ये ते टाटांच्या कंपनीत आले ते बिनपगारी शिकाऊ म्हणून. १९३८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी ते समूहाचे अध्यक्ष झाले आणि १९९१ पर्यंत राहिले. त्यांच्यानंतर आलेले रतन टाटा १९६२ मध्ये रुजू झाले होते आणि सुरुवातीला जमशेदपूरच्या कारखान्यात कामगारांबरोबर काम करत होते. आडनावामुळे दार उघडलं हे खरंच आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण दार उघडल्यावर लगेच खुर्ची आली नाही. मधली वर्षं म्हणजेच उमेदवारी.

प्रतिसाद : लोणीजवळून

आमच्या जिल्ह्यात 'चेअरमन' हा शब्द मराठीच आहे. सोसायटीचे चेअरमन, दूध संघाचे चेअरमन, कारखान्याचे चेअरमन. ज्याच्या नावापुढे तो लागला त्याला तो आयुष्यभर चिकटतो. पद गेलं तरी हाक 'चेअरमनसाहेब' हीच.

म्हणून एक जुनी गोष्ट नोंदवतो. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करण्याचा ध्यास विठ्ठलराव विखे पाटलांचा. गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग भांडवल गोळा करणारे ते. १९५० मध्ये कारखाना सुरू झाला तेव्हा अध्यक्ष मात्र होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. कर्ज, बँका, सरकारी परवानगी, हिशोबाची शिस्त यासाठी कोणता माणूस हवा हे विठ्ठलरावांनी ओळखलं होतं. महत्त्वाकांक्षा त्यांची कमी होती का? माझ्या मते तिची झेप त्या काळच्या कुणापेक्षाही मोठी होती. ती कारखान्यासाठी होती, म्हणून पहिल्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवता आली. तुमच्या चर्चेत या प्रकाराला शब्द सापडत असेल तर सांगा. आम्ही तिकडे 'मन मोठं' एवढंच म्हणतो.

प्रतिसाद : भाषांतराचं काम करणारी

लायकीबद्दल. हिंदीत 'लायक बेटा' ही अजूनही शाबासकी आहे. मराठीत 'लायक' कसाबसा तग धरून आहे, पण 'लायकी' हाती लागली की ती शिवीच होते. 'तुझी लायकी काय?', 'लायकी काढली', 'आपल्या लायकीत राहा'. त्यात जात आणि पैसा यांचा वास येतो, आणि 'नालायक' तर सरळच शिवी. म्हणून मी माझ्या कामात हा शब्द टाळते आणि 'वकूब' वापरते. वकूब म्हणजे आपली पोच, आपलं माप. मूळ अरबी शब्द जाणणे या अर्थाचा, आणि 'बेवकूफ' त्याच घरातला. म्हणजे वकूब हा नुसती ताकद सांगत नाही. स्वतःचं माप माहीत असणं हे त्यात धरलेलं आहे. 'कुवत' म्हणजे निव्वळ बळ. मोठ्या पदावरच्या माणसाकडे दोन्ही लागतं, पण कुवत नसेल तर माणसं नेमून भागवता येते. वकूब नसलेल्याला कुणाला नेमावं हेही कळत नाही.

आणि दुसरं, जे कुणी अजून लिहिलं नाही. 'महत्त्वाकांक्षी' हे विशेषण बाईला लावून पाहा. 'ती फार महत्त्वाकांक्षी आहे' याचा सूर तुम्हाला ऐकू येईल : घराकडे लक्ष नसेल, कुणाला तरी मागे ढकललं असेल. बाईसाठी आपला गौरवाचा शब्द आहे 'कर्तबगार', पण तो काम करून झाल्यावर मिळतो, बहुतेकदा पन्नाशीनंतर. इच्छा व्यक्त करण्याच्या टप्प्यावर तिच्या वाट्याला चांगला शब्दच नाही. २०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. इतक्या वर्षांत भाषेनं घडवलेला नवा शब्द कोणता, तर 'सरपंचपती'. मला याचा राग येतो आणि तो येऊ द्यावा असं वाटतं.

प्रतिसाद : सांगलीकर

राग रास्त आहे. आमच्या शेजारच्या गावात एक बाई आधी बचत गटाच्या सचिव होत्या, मग सरपंच झाल्या. ग्रामसभेत पाणीपट्टीचा हिशोब त्यांनी तोंडपाठ सांगितला, वहीत बघावं लागलं नाही. ताईंच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी बचत गटात उमेदवारी केली होती. गावानं त्यांना दिलेला शब्द होता 'खमकी'. 'बाई खमकी आहे.' यात थोडी धास्ती आहे, पण आदर जास्त आहे. हा शब्द पुरुषालाही चालतो, हा त्याचा आणखी एक गुण.

प्रतिसाद : पणजीहून

एका गोष्टीची भर घालतो. गोव्यात १९६३ साली पहिले मुख्यमंत्री झाले ते भाऊसाहेब बांदोडकर, खाणमालक. उद्योगातून राजकारणात गेलेला माणूस कोणत्या शब्दानं ओळखला गेला, तर 'भाऊ' या नात्याच्या शब्दानं. नेता, पुढारी, धुरीण यांपैकी एकही नाही. पुढारी हा तर मराठीत बिघडलेला शब्द आहे. 'फार पुढारपण करतो' म्हटलं की काय कळायचं ते कळतं. नाती मात्र टिकली : भाऊ, दादा, आबा, अण्णा, ताई. त्यात योग्यतेचा पत्ता नाही, पण विश्वास आहे. अडचण अशी की आता बॅनरवर प्रत्येक इच्छुक आधीच दादा असतो.

प्रतिसाद : बंगळुरूकर

मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. आमच्या महाराष्ट्रातल्या कारखान्यासाठी मूल्यांकनाचे तक्ते मराठीत करायचे आहेत. ज्या कामगारात पुढे पर्यवेक्षक होण्याची शक्यता दिसते त्याच्यासाठी एक रकाना आहे. 'नेतृत्वक्षमता' लिहिलं तर तो गुण आताच त्याच्या अंगी असल्यासारखं वाटतं. 'महत्त्वाकांक्षी' लिहिलं तर वरिष्ठ बिचकतात. काय लिहावं?

प्रस्तावकर्ती

तुमच्या रकान्यासाठी शब्द तयार आहे : होतकरू. 'गरीब व होतकरू विद्यार्थी' या शिष्यवृत्तीच्या जाहिरातींमुळे तो शाळेत अडकून पडला, पण त्याचा अर्थ मोठ्या माणसांनाही तेवढाच लागू आहे. पुढे काही होईल अशी चिन्हं ज्याच्यात आज दिसतात तो होतकरू. हा शब्द कुणी स्वतःला लावत नाही, दुसऱ्यानं पाहून लावायचा असतो. 'मी इच्छुक आहे' म्हणता येतं, 'मी होतकरू आहे' हे कानाला खटकतं. म्हणून शेऱ्यासाठी तो उत्तम. लिंगानं बदलत नाही, होतकरू मुलगा, होतकरू मुलगी, त्यामुळे वर आलेली अडचणही टळते.

तक्त्यात दोन रकाने करा. पहिला 'इच्छुक आहे का?' हा कामगारानं स्वतः भरायचा, आणि तो मोकळेपणानं भरता आला पाहिजे, हो म्हणण्याची लाज वाटू नये. दुसरा 'होतकरू वाटतो का, कशावरून?' हा त्याच्या वरिष्ठानं. 'कशावरून' हा शब्द गाळू नका. दोन्हीकडे हो असेल तर पुढे कोणाच्या हाताखाली, किती महिने उमेदवारी करायची ते लिहायला जागा ठेवा. आणि छापताना 'महत्त्व' कुठे आलंच तर त्यात दोन त आहेत, महत् अधिक त्व, तेवढं बघा.